हळद्या आणि बिब्याची खूण

परवा गोरेगावच्या बाजारात एका बाईच्या टोपलीत सुकवलेली बिब्याची फुलं दिसली आणि माझा हात आपोआप मानेवर गेला. माझ्या मानेला काही झालेलं नाही, कधी झालंही नव्हतं. झालं होतं ते नीलमच्या मानेला. तरी दर हिवाळ्यात बिबे पिकले, की माझा हात तिथंच जातो आणि मी भर बाजारात एकटीच हसते. टोपलीवाल्या बाईनं मला खालून वर न्याहाळलं, आणि या बाईचं काही ठीक दिसत नाही अशा चेहऱ्यानं घाईघाईत फुलं बांधून दिली.

फुलं म्हणायची, पण ती फुलं नव्हेत. काळ्या कुळकुळीत बिब्याच्या डोक्यावर एक केशरी, गरदार टोपी असते. ती काढून वाळवली की गोड-तुरट लागते, चघळत बसावी अशी. टोपीखालचा बिबा मात्र जहाल. त्याच्या सालीतला चिकट रस अंगाला लागला की अंग उततं. बिबा उतला म्हणजे काय, हे ज्याला उतला त्यालाच विचारावं. आधी खाज, मग लाली, मग फोड, आणि चेहऱ्याजवळ असेल तर डोळे मिटेपर्यंत सूज. एकाच झाडावर एक जीभ चाळवणारं आणि दुसरं कातडी पेटवणारं ठेवायचं, ही थट्टा कुणाला सुचली कोण जाणे. मला तर त्या झाडाचा फार अभिमान आहे. आमच्या बोडीच्या, म्हणजे शेतीच्या लहान तळ्याच्या, पाळीवर ते अजून उभं आहे.

तो हिवाळा आठवला की आधी वास येतो. गोंदियातल्या आमच्या कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती आणि खिडकी उघडली की राइस मिलमधल्या उकडलेल्या धानाचा ओलसर, गोडसर वास आत शिरायचा. आत ॲसिटोनचा वास, बाहेर उकड्या तांदळाचा. दोन्ही एकमेकांत मिसळले की मला भूक लागायची, आणि नीलम म्हणायची, "तेरा कुछ नहीं हो सकता." नीलम गोंदिया शहरातली, हिंदीत वाढलेली. मी गोरेगावच्या पुढे, नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावची. दोघींचं पीएच.डी.चं काम एकाच सरांकडे, एकाच टेबलावर, एकाच रडक्या पंपावर चाललेलं. ती हिंदीत बोलायची, मी मराठीत, आणि भांडायची वेळ आली की दोघी भाषा बदलून घ्यायचो.

आमचं काम दाह थांबवण्याचं. हे वाक्य मी तेव्हा एसटीत शेजारी बसलेल्या प्रत्येकाला ऐकवायचे, मग तो विचारो वा न विचारो. माझ्या आईला, म्हणजे मायला, मी ते गावाच्या भाषेत सांगितलं होतं. समज, आपल्या कातडीतली एकेक पेशी म्हणजे एकेक गाव. वेशीवर बाहेरून निरोप येतो की चोर आले. वेशीच्या आत जॅक नावाचं एक प्रथिन बसलेलं असतं. त्याचं काम एवढंच, की आपल्या दौतीत बोट बुडवून आत धावणाऱ्या जासुदाच्या अंगावर खूण लावायची. खूण लागलेल्या जासुदालाच गावाच्या मधोमध प्रवेश मिळतो, आणि तो पोहोचला की सगळं गाव काठ्या घेऊन बाहेर पडतं. चोर खरंच आले असतील तर उत्तम. पण काही माणसांच्या अंगात चोर नसतानाही निरोप फिरत राहतात. गाव काठ्या घेऊन निघतं आणि आपलीच घरं झोडपतं. मग सांधे सुजतात, कातडी फुटते.

"आनि तुमी का करता?" मायनं विचारलं होतं. मी म्हटलं, आम्ही जॅकच्या दौतीत बसेल असा एक बारकासा रेणू बनवतो. दौत अडली की खूण नाही, खूण नाही तर जासूद वेशीतच. निरोप्याला मारायचं नाही, गावाला बेड्या घालायच्या नाहीत, फक्त दौत तेवढी अडवायची. मायनं थोडा विचार केला आणि म्हणाली की आमच्या कोतवालाचं तोंड पानानं भरलेलं असलं की मुनादी, म्हणजे दवंडी, अशीच राहून जाते. मला ते इतकं आवडलं, की पुढच्या सेमिनारमध्ये मी ते वापरलं. सर हसले नाहीत, पण पुढच्या वर्षी स्वतःच्या भाषणात त्यांनी कोतवाल घातला.

असे रेणू आता औषधांच्या दुकानात पोहोचले आहेत. संधिवातावर, कातडीच्या काही हट्टी आजारांवर डॉक्टर ते देतात, जपून देतात, कारण काठ्या पार मोडून ठेवल्या तर खरे चोर आल्यावर करायचं काय. आमचा खटाटोप अधिक नेमक्या, अधिक भल्या रेणूसाठी होता. वर्ष-दोन वर्षं आम्ही रेणूच्या एका टोकाला कधी हे जोडलं, कधी ते जोडलं. बहुतेक वेळा हाती लागायचा तपकिरी चिकटा. मग दिवाळीनंतरच्या एका सकाळी नीलमनं चंचुपात्र उन्हात धरलं आणि आत पिवळ्याधमक, सुईसारख्या बारीक स्फटिकांचा गुच्छ लखलखला. तसा पिवळा रंग मी फक्त एका पाखराच्या अंगावर पाहिला आहे, आमच्या जंगलकाठच्या मोहाच्या झाडावर येऊन बसणाऱ्या हळद्याच्या. मी म्हटलं, याचं नाव हळद्या. नीलमला नाव गावंढळ वाटलं, पण संध्याकाळपर्यंत तीही हळद्याच म्हणू लागली. आम्ही दोघी त्या बाटलीशी बोलायचो, हे इथं सांगून टाकते.

हळद्या नागपूरला जाणार होता. तिथल्या एका प्रयोगशाळेत जिवंत पेशींवर रेणू तपासून द्यायचे, आणि आमच्यासारख्या लहान कॉलेजांचे नमुने ते वर्षातून एकदाच घ्यायचे. ती वेळ चुकली तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत हातावर हात धरून बसायचं. आम्हा दोघींचा प्रबंध त्या चिमूटभर पिवळ्या पुडीवर उभा होता. सर तसं बोलून दाखवत नसत, पण रोज चहा घेताना त्यांची नजर फ्रीजकडे जायची.

त्याच आठवड्यात आमच्याकडे उशिरा पिकणारा भारी धान मळणीला, आमच्या भाषेत चुरायला, आला आणि मी घरी गेले.

धान चुरायचे दिवस म्हणजे धुळीचे, पेंढ्याचे म्हणजे तणसाचे, घशात खवखवणाऱ्या कुसांचे. धानाच्या बांधीत रचलेलं भाऱ्यांचं पुंजणं उतरलं, की माणसं, मळणीयंत्र आणि पाखरं एकदमच गोळा होतात. त्या गोंधळात आमच्या घरात एक रीत पाळली जाते. पहिलं पोतं भरायच्या आधी घरातल्या सगळ्या पोत्यांना खूण लागते, कारण मिलवर दहा घरची पोती एका ढिगात पडतात. खूण बिब्याची. बिब्याला सुई टोचायची, सुईच्या टोकावर आलेला काळपट रस कापडावर टेकवायचा आणि वरून चुन्याचं बोट फिरवायचं, म्हणजे खूण पक्की होते आणि रस अंगाला उतत नाही. आमच्या घराची खूण म्हणजे ओळीनं तीन ठिपके, त्यांच्या खाली एक रेघ आणि रेघेच्या उजव्या टोकाला वर वळलेलं शेपूट. ही बोडी ज्यांनी खणली त्या पूर्वजांपासून ती चालत आली आहे म्हणतात. शेपूट म्हणजे बोडीच्या पाळीचं वळण, असं माझे वडील सांगायचे. पोत्यांबरोबर सतरंज्या, गोधड्या, लग्नाला उसन्या द्यायच्या चादरी, सगळ्यांवर ती खूण. कापड फाटून चिंध्या होतं, खूण जात नाही.

मी त्या खेपेला नवा एप्रन घेऊन गेले होते, पांढराशुभ्र, घडी न मोडलेला. मायला दाखवायला. आपली पोरगी डॉक्टरासारखा कोट घालते याचं तिला फार कौतुक. तिनं तो हातात घेऊन कापड बोटांत चोळून पाहिलं, शिवण उलटून पाहिली आणि खुंटीला अडकवला. मी धानात अडकले होते. परत निघताना तो घडी करून माझ्या पिशवीत ठेवलेला होता. मीही न बघता तो प्रयोगशाळेच्या खुंटीवर टांगला, कारण माझा जुना अजून चालत होता. नीलमचा एप्रन धुवायला टाकलेला होता. तिनं माझा नवा चढवला आणि सलग हळद्याच्या शुद्धीकरणाला बसली.

दोन-तीन दिवसांनी तिची मान खाजू लागली. दुसऱ्या दिवशी लाल झाली आणि त्याच्या पुढच्या दिवशी तिथं फोड होते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे. बिबा लागल्या लागल्या उतत नाही. आज लागतो आणि सवडीनं पेटतो. मध्ये माणूस जेवतो, झोपतो, चार कामं करतो आणि मग दोष भलत्याच्याच माथी मारतो. नीलमनं त्या दिवसांत केलं काय होतं, तर हळद्या चाळला होता, खरवडला होता, वाळवला होता. कुणाकडेही बोट दाखवायचं तर हळद्याकडेच. सरांनी तिची मान पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाटली सील करायला सांगितली. जो रेणू कातडी पेटवतो तो दाह थांबवायला निघाला आहे असं सांगायला आपण नागपूरला कसं जायचं, एवढंच ते म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. नीलम स्टुलावर बसून रडत होती, आणि तिला मानेच्या आगीपेक्षा फ्रीजमधल्या त्या बाटलीचं जास्त वाईट वाटत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या. मलम मानेला लावायचं म्हणून मी तिचे केस वर धरले आणि तशीच थांबले.

ओळीनं तीन फोड. खाली एक आडवी रेघ. आणि रेघेच्या टोकाला वर वळलेलं शेपूट.

माझ्या घरच्या प्रत्येक पोत्यावर असलेली खूण नीलमच्या मानेवर उमटली होती. फक्त शेपूट उजवीकडे वळायचं ते डावीकडे वळलं होतं, शिक्का उमटतो तसं. मला इतकं हसू फुटलं की मलमाची ट्यूब हातातून पडली. इकडे नीलमचा जीव जात होता आणि ही बया हसत होती. तिनं मला जे काही ऐकवलं ते हिंदीत होतं आणि छापण्यासारखं नाही. मी तिला ओढत प्रयोगशाळेत नेलं, खुंटीवरचा एप्रन काढला आणि कॉलर उलटली. आतल्या बाजूला, नेमकी मानेला टेकेल अशी, मायची सुबक खूण होती. आणि वर चुन्याचा मागमूस नव्हता. पांढऱ्या कोटावर चुन्याचा पांढरा डाग कशाला, असा विचार करून तिनं चुना गाळला होता. पोत्याला चुना, पोरीच्या कोटाला नको. असली चूक आमच्याच घरात होऊ शकते.

नीलम कॉलरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मतलब मैं तेरे घर का बोरा हूँ." आणि मग तीही हसायला लागली, फोड दुखत असताना, मान वाकडी करून.

पण तिलाच का? मी बिब्याच्या सावलीत वाढले, मला कधी काही झालं नाही. त्यावर नीलमला एक जुनी गोष्ट आठवली. लहानपणी आंबा सालीसकट चोखला की तिचे ओठ सुजायचे. आंबा, काजू, बिबा, सगळे एकाच कुळातले, आणि त्यांच्या चिकात एकमेकांसारखे रेणू असतात. तिच्या कातडीनं आंब्याच्या सालीशी झालेलं ते भांडण इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आणि माझ्या मायच्या सुईनं ते उकरून काढलं. मी पोटभर बिब्याची फुलं खाऊन मोठी झालेली, माझ्या अंगानं बहुधा त्या घराण्याशी कधीच जुळवून घेतलेलं असावं. हे खात्रीनं सांगत नाही. पण माणसाची कातडी अशी गोष्टी लक्षात ठेवते, याचं मला त्या दिवशी जे नवल वाटलं ते अजून ओसरलेलं नाही. आपल्याला स्वतःला ज्याचा पत्ता नाही असं केवढं तरी आपलं अंग सांभाळून बसलेलं असतं.

सरांना आम्ही कॉलर दाखवली, मान दाखवली. त्यांनी चष्मा काढून दोन्ही ताडून पाहिलं. खूण पटली म्हणाले. पण हळद्या निर्दोष आहे हे त्यानं सिद्ध होत नाही. बिबा पेटवत असेल आणि हळद्या त्यात तेल ओतत असेल तर? मी म्हटलं, मी स्वतःच्या दंडावर लावून दाखवते. त्यावर मात्र ते कधी नव्हे ते ओरडले. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि परत आले तेव्हा त्यांचे डोळे वेगळे होते. मला ते डोळे ओळखीचे होते. कूट प्रश्न सुटायला लागला की त्यांचे डोळे पोरासारखे होत.

"बिबा आण," ते म्हणाले. "दोघांनाही नागपूरला पाठवू. समोरासमोर होऊन जाऊ दे."

म्हणजे असं की कातडीच्या पेशींच्या एका वाटीत बिब्याचा अगदी पातळ अर्क, एकीत नुसता हळद्या, आणि एकीत आधी हळद्या, मग बिबा. जासुदाच्या अंगावर खूण लागली की तपासणीत काळी पट्टी उमटते. कुणाच्या वाटीत पट्टी येते ते बघायचं. आरोपी आणि फिर्यादी एकाच गाडीनं जाणार होते. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती काळजीनं लागली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मी आनंदानं जागी होते.

सकाळी गावी गेले. माय खळ्यात तणस सारत होती. मी तिला हसत हसतच सगळं सांगायला लागले, कारण मला ती गंमतच वाटत होती. तिला ती गंमत वाटली नाही. ती खाली बसली. एका परक्या पोरीला आपल्या हातानं इजा झाली आणि वर आपल्या पोरीचं औषध फेकून द्यायची वेळ आली, एवढंच तिला दिसत होतं. तिनं हात पदराला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

"मले वाटलं, एवढ्या पोरी, एकासारखे एक कोट," ती म्हणाली. "तुयावाला हरपला तं तुले कोन देईल? म्हनून लावली वो बाई."

मी तिच्याजवळ बसले. पांढऱ्या कोटांच्या त्या जगात आपली पोरगी हरवू नये, म्हणून तिच्याकडे जी एक न पुसणारी गोष्ट होती ती तिनं लावली होती. माझं हसू तिथंच थांबलं.

मग मात्र ती उठली ती कामालाच लागली. पाळीवर जाऊन हातापायांना तेल चोपडून माझ्यासाठी बिबे वेचले, डबीत भरले, डबीवर फडकं बांधलं. घरात येऊन तीळ आणि खोबरं पिशवीत घेतलं, लुगडं बदललं आणि मी काही म्हणायच्या आत गोंदियाच्या एसटीत माझ्याशेजारी येऊन बसली. बिबा उतला की आमच्याकडे तीळ-खोबरं चावून खायचं आणि वाटून लावायचं. डॉक्टरांचं मलम चालू आहे, हे मी तिला वाटेत तीनदा सांगितलं. तिनं तीनदा मान हलवली.

प्रयोगशाळेत ती पहिल्यांदाच आली होती. काचेच्या नळ्या, पंप, कपाटं, कशाकडेही तिनं पाहिलं नाही. ओट्यावरचा चिनी मातीचा खल तेवढा तिच्या नजरेत भरला आणि तो धुऊन ती तीळ वाटायला घेणार, तोच सर धावत आले. त्या खलात त्यांनी आयुष्यात काय काय वाटलं होतं ते त्यांनाच ठाऊक. मायला वाटलं, खलाला बाटवल्याचा राग आला. सर हात जोडून समजावत होते की खल तुम्हाला बाटवेल, ताई. शेवटी कँटीनमधून पाटा आला. मायनं वाटण केलं, नीलमसमोर उभी राहिली आणि मग एकदम तिचे हात थबकले. परक्या पोरीच्या मानेला हात कसा लावायचा?

"माया हातानं झालं, बाई," ती नीलमला म्हणाली. "तू नाई म्हन्ली तं मी खालीच ठेवून जातो."

नीलमला आमची झाडीबोली अर्धीमुर्धीच कळायची. पण हे कळलं. तिनं केस पुढे घेतले, मान खाली घातली आणि म्हणाली, "लगाओ काकी." मानेवरच्या फोडांवर मलम होतं, म्हणून मायनं ते टाळून कडेनं वाटण लावलं आणि उरलेलं तीळ-खोबरं तिच्या हातावर ठेवलं. मान बरी केली ती डॉक्टरांच्या मलमानं, यात मला शंका नाही. पण नीलम त्या दिवसापासून आमच्या घरची झाली, ती त्या तीळ-खोबऱ्यानं.

डबी आणि हळद्याचा थोडा नमुना नागपूरला गेला, बाटली फ्रीजमध्येच राहिली. मग आला तो वाट पाहण्याचा काळ, आणि काय सांगू, मला तोही गोड वाटला. सगळ्या गोष्टींत मला वाट्या दिसायच्या. ताटातल्या वाट्यांतही मी कोणती काळी पडेल ते बघायचे. नीलमची मान निवळली, खपल्या गेल्या, खुणेचा पुसट डाग राहिला. सर रोज चहा घेताना फ्रीजऐवजी फोनकडे बघायला लागले.

निकाल आला तेव्हा मी घरी होते. पोती मिलवर गेली होती, खळं रिकामं झालं होतं, आणि पाखरं उरलेसुरले दाणे टिपत होती. आमच्या गावात फोनला नीट नेटवर्क फक्त बोडीच्या पाळीवर येतं, आणि पाळीवर उभं राहायचं तर बिब्याखालीच. फोनवर सरांचा संदेश आल्याची खूण दिसली, तशी मी तणस तुडवत पाळीवर धावले. काय झालं म्हणून माय मागून धावली. फोटो उघडता उघडेना. थोडा दिसायचा, थांबायचा, पुन्हा थोडा. मी हात वर धरून बिब्याच्या बुंध्याभोवती फिरत होते आणि माय माझ्यामागे.

मग उघडला. बिब्याच्या वाटीची पट्टी काळीकुट्ट, जणू कोळशानं ओढलेली. नुसत्या हळद्याच्या वाटीत काही नाही, स्वच्छ. आणि दोघांच्या वाटीत, जिथं आधी हळद्या गेला होता आणि मग बिबा, तिथं पट्टी इतकी फिकी की डोळे बारीक करून शोधावी लागत होती. ज्याच्यावर आग लावल्याचा आळ होता तोच आग विझवणारा निघाला होता. खाली सरांनी लिहिलं होतं की पेशी म्हणजे माणूस नव्हे, हुरळून जाऊ नका. आणि त्याच्या खाली, वेगळ्या ओळीत, की मी मिठाई आणली आहे.

मी हुरळले. पाळीवर नाचले. बिब्याच्या बुंध्याला मिठी मारायला निघाले होते, मायनं दंड धरून मागे ओढलं. मी तिला पट्ट्या दाखवल्या, ही तुझी, ही आमची, ही दोघांची. तिनं फोन लांब धरून, जवळ धरून, फिक्या पट्टीवर बोट ठेवून पाहिलं.

"मंग आता त्याले कोनी फेकनार नाई?" तिनं विचारलं.

नाही म्हटलं, कोणी फेकणार नाही. एवढे दिवस ती हेच एक धरून बसली होती हे मला तेव्हा कळलं. तिनं मोठा श्वास सोडला आणि माझ्या हातात फोन परत दिला.

"तं त्याच्या बाटलीवर खून लाव," ती म्हणाली. "हरपून नाई राहिला पाहिजे."

पुढची हकिगत थोडकी आहे. हळद्या औषध झाला नाही. यकृतात तो फार लवकर मोडतो, हे पुढे कळलं. पण त्याच्या आकारावरून बेतलेली धाकटी भावंडं होत गेली. नीलमनं त्यांच्यातली काही हैदराबादला एका कंपनीत बसून बनवली, काही मी इथं बनवते, त्याच टेबलावर, कारण आता मी त्याच कॉलेजात शिकवते. पंप मात्र तोच, आणि तसाच रडतो. या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीनं चंचुपात्र खिडकीत धरलं आणि आत पिवळं काहीतरी लखलखलं, तेव्हा मला पुन्हा ती दिवाळीनंतरची सकाळ दिसली. खिडकीतून उकडत्या धानाचा वास येत होता आणि मला भूक लागली.

ती बाटलीवर चिठ्ठी चिकटवून क्रमांक लिहायला निघाली. मी तिला थांबवलं आणि मार्कर हातात घेतला. फ्रीजचं दार उघडून मागच्या कोपऱ्यातली जुनी बाटली तिला दाखवली, तळाशी अजून चिमूटभर हळद्या असलेली. तिच्यावरच्या चिठ्ठीवरचा, मार्करनं लिहिलेला क्रमांक केव्हाच उडून गेला आहे. तीन ठिपके, खाली रेघ आणि उजवीकडे वर वळलेलं शेपूट तेवढं काचेवर राहिलं आहे, कारण ते मी मार्करनं काढलंच नव्हतं. हातमोजे घालून, मायनं दिलेल्या बिब्याला सुई टोचून काढलं होतं, आणि वरून चुना फिरवला होता.